वाहाकात स्वस्त हॉटेल घेताना: आधी खोली बघा, मग पैसे द्या

वाहाका हे दक्षिण मेक्सिकोतलं शहर. स्पेलिंगमध्ये 'एक्स' दिसतो, पण तिथली माणसं 'वाहाका' असंच म्हणतात. साधारण १,५५० मीटर उंचीवर, डोंगरांच्या कुशीत वसलेलं. हिरवट दगडातली जुनी चर्च, आखीव गल्ल्या आणि शेजारच्या डोंगरावर मोन्ते आल्बान या सापोतेक लोकांच्या प्राचीन नगरीचे अवशेष. शहराचा जुना भाग आणि मोन्ते आल्बान हे दोन्ही १९८७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. बघायला, खायला, नुसतं चालायला इतकं आहे की दोन दिवस ठरवून गेलेला माणूस सहज आठवडाभर राहतो. आठवडाभर राहायचं म्हणजे खोली परवडणारी हवी.

मी तिथे दोनदा राहिले, एकदा एकटी आणि नंतर आईला घेऊन. पहिल्या वेळी फोटो बघून चार रात्रींचे पैसे आधीच भरले होते. खोली छान होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला थेंब नाही. खाली विचारलं तर उत्तर आलं, "पीपा उद्या येईल." पीपा म्हणजे पाण्याचा टँकर. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. दुसऱ्या खेपेला त्याच दरात, तीन गल्ल्या सोडून, चोवीस तास पाणी असलेली शांत खोली मिळाली. या वेळी मी पैसे देण्याआधी खोली बघितली होती आणि चार प्रश्न विचारले होते.

तारखा आणि व्हिसा

भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोत पर्यटक म्हणून वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेत नोकरी करणारी मराठी मंडळी म्हणूनच सुट्टीत मेक्सिकोला जातात. निघण्याआधी नियम एकदा मेक्सिकोच्या दूतावासाच्या साइटवर तपासा आणि विमानतळावर शिक्का मारताना किती दिवस दिलेत ते तिथल्या तिथे बघून घ्या.

तारखांचं महत्त्व मात्र फार. वाहाकात वर्षातून चार वेळा स्वस्त खोली हा शब्दच उरत नाही: जुलैच्या उत्तरार्धातले गेलागेत्सा या नाचगाण्याच्या उत्सवाचे दोन सोमवार, ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबरचा मृतांचा सण, २३ डिसेंबरची मुळ्यांची रात्र (त्या दिवशी चौकात कोरीव मुळे मांडतात) आणि इस्टरचा आठवडा. या दिवसांत साध्या लॉजचे दरही खूप चढतात आणि खोल्या महिनोन्‌महिने आधी जातात. सण बघायचाच असेल तर खालचा 'एकच रात्र बुक करा' हा सल्ला विसरा आणि सगळ्या रात्री आधीच पक्क्या करा. सण नको असेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध किंवा जानेवारीच्या मध्यानंतरचे आठवडे मला उत्तम वाटतात.

मेच्या मध्यापासून शिक्षक संघटनेचं आंदोलन सुरू होण्याची इथे वर्षानुवर्षांची रीत आहे. मुख्य चौकात, म्हणजे सोकालोत, तंबू पडतात आणि कधीकधी रस्ते अडवले जातात. माणसांना त्रास होत नाही, पण बस अडकते. त्या काळात परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा.

कुठल्या भागात राहायचं

सगळ्यात स्वस्त हॉटेलं सोकालोच्या दक्षिणेला, २० नोव्हेंबर मार्केट आणि बेनितो हुआरेस मार्केटच्या आसपासच्या आल्दामा, लास कासास अशा गल्ल्यांत आहेत. खाणं दाराशी, पण पहाटेपासून हातगाड्या, टेम्पो आणि दुकानांची शटरं. झोप गाढ असेल तर हाच भाग घ्या.

सान्तो दोमिंगो चर्चच्या उत्तरेला, एल यानो बागेच्या बाजूला, थोडे जास्त पैसे पडतात पण रात्री शांत असतं. आई बरोबर असताना मी इथेच राहिले. पहिल्या दर्जाच्या बसचा स्टँडही या बाजूने चालत जवळ. हालात्लाको हा रंगीत भिंतींचा सुंदर भाग आहे, फक्त आता तो स्वस्त राहिलेला नाही. सेन्त्राल दे आबास्तोस या घाऊक बाजाराजवळ दर अगदी खाली येतात. तिथे रात्री उशिरा बॅगा घेऊन फिरू नये, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तो भाग सुचवणार नाही.

पत्ता शोधताना एक गोष्ट माहीत हवी. इंदिपेन्देन्सिया हा आडवा रस्ता ओलांडला की बऱ्याच उभ्या रस्त्यांची नावं बदलतात. उत्तरेला जो गार्सिया विहिल, तोच दक्षिणेला मिगेल काब्रेरा. उत्तरेचा माकेदोनियो आल्काला खाली गेल्यावर बुस्तामान्ते होतो. रस्ता सरळच असतो, नाव मात्र दुसरं. आपण चुकलो असं समजून मागे फिरू नका.

पाटीवर काय लिहिलंय

'ओतेल' म्हणजे हॉटेल, 'ओस्ताल' म्हणजे हॉस्टेल, 'पोसादा' आणि 'कासा दे उएस्पेदेस' म्हणजे घरगुती, बहुधा कुटुंबाने चालवलेली लॉज. शेवटचे दोन प्रकार मला सगळ्यात आवडतात. 'मोतेल' किंवा 'आउतोओतेल' अशी पाटी दिसली तर ती जागा सोडून द्या. मेक्सिकोत या जागा जोडप्यांना तासांवर दिल्या जातात. कुटुंबाने मुक्कामाला जायची ती जागा नव्हे. बुकिंग साइटवर गावाबाहेर फारच स्वस्त, मोठा पलंग आणि स्वतंत्र गॅरेज असलेली खोली दिसली की हे आठवा.

दर साधारण असे समजा: हॉस्टेलमधला एक बेड २०० ते ३५० पेसो, स्वतःचं न्हाणीघर असलेली साधी दोघांची खोली ५०० ते ९०० पेसो. एक पेसो साधारण साडेचार-पाच रुपये धरा, पण निघायच्या दिवसाचा भाव बघूनच हिशेब करा.

एक रात्र बुक करा, बाकीचं समोरासमोर

नव्या गावात रात्री हॉटेल शोधत फिरू नये, म्हणून पहिली रात्र ऑनलाइन पक्की करावी. बाकीच्या रात्रींसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला, लोक खोल्या सोडत असतात तेव्हा, आसपासच्या तीन-चार हॉटेलांत जाऊन या. लहान हॉटेलं व्हॉट्सअ‍ॅपवर चटकन उत्तर देतात. दारावरच्या पाटीवर नंबर असतो.

आत गेल्या गेल्या प्रश्न टाकू नका. आधी "बुएनोस दियास" म्हणा, दुपारनंतर "बुएनास तार्देस". समोरची बाई असेल तर "सेन्योरा" जोडा. मेक्सिकोत नमस्कार न करता कामाचं बोलणं उद्धटपणाचं मानतात आणि नमस्कार केला की निम्मं काम झालेलं असतं. मग विचारा: "पुएदो वेर एल क्वार्तो?" खोली बघू शकते का? हे विचारणं तिथे अगदी नेहमीचं आहे. कुणी कपाळाला आठी घालत नाही, किल्ली घेऊन पुढे चालू लागतात. दाखवायला कुणी नकार दिला तर तिथूनच परत फिरा.

खोलीत पाऊल टाकल्यावर

इथे घाई करू नका. पाच मिनिटं लागतात, तेवढी घ्या.

पहिलं पाणी. वाहाका शहराला पाण्याची टंचाई आहे. नळाला रोज पाणी येतंच असं नाही, म्हणून प्रत्येक इमारतीत खाली हौद आणि गच्चीवर काळी टाकी असते. ती संपली की पीपा मागवावा लागतो. मार्च ते मे हे महिने सगळ्यात कठीण. आपल्याकडे लातूर-मराठवाड्यात उन्हाळा काढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. स्वतः नळ सोडून बघा, फ्लश ओढून बघा, टाकी परत भरते का ते ऐका. आणि विचारा: "आय आग्वा तोदो एल दिया?" दिवसभर पाणी असतं का? उत्तर देणारा क्षणभर थांबला तर समजून घ्या.

दुसरं गरम पाणी. बहुतेक ठिकाणी गॅसचा बॉयलर असतो, त्यालाही तिथे 'बॉइलर'च म्हणतात. काही हॉटेलांत तो सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळीच पेटवतात. वेळ विचारून ठेवा. बॉयलर लांब असेल तर गरम पाणी यायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात वाहून जाणारं पाणी बादलीत धरा, ते फ्लशला कामाला येतं.

नळावरची अक्षरं इथेच बघून घ्या. 'सी' म्हणजे कोल्ड नव्हे. 'सी' म्हणजे कालिएन्ते, गरम. थंडाच्या नळावर 'एफ' असतो, फ्रिया. आईने पहिल्या सकाळी 'सी'चा नळ पूर्ण सोडला आणि कढत पाणी थेट मनगटावर घेतलं. फोड आला नाही, पण दोन दिवस हात लाल होता. मी आदल्या रात्री सांगायला हवं होतं. बरोबर म्हातारी माणसं किंवा मुलं असतील तर नळाला धागा बांधून ठेवा.

तिसरं खिडकी. जुन्या शहरातली बरीच हॉटेलं म्हणजे मुळातले जुने वाडे. आपल्या वाड्यासारखाच मध्ये चौक, भोवती सोपा आणि सोप्यात उघडणाऱ्या खोल्या. चौकाकडच्या खोलीत रस्त्याचा आवाज येत नाही, हे फार मोठं सुख आहे. पण काही खोल्यांना दाराशिवाय हवा यायला जागाच नसते, आणि पावसाळ्यात भिंतीला ओल धरते. नाकाने तपासा. कुबट वास आला तर दुसरी खोली मागा. वरच्या मजल्यावरची, चौकाकडे उघडणारी आणि मागे लहान खिडकी असलेली खोली मिळाली तर त्याहून चांगलं काही नाही. रस्त्याकडची नको असेल तर म्हणा: "के नो दे आ ला काये."

चौथं पलंग. 'मात्रिमोनिआल' म्हणजे एक डबलबेड, लग्न झालेल्यांचीच खोली असा त्याचा अर्थ नाही. आई-मुलगी किंवा मित्र असाल तर "दोस कामास", दोन पलंग, असं स्पष्ट सांगा. गादीच्या कडेची शिवण उचलून मोबाइलच्या उजेडात बघा. ढेकणाचे काळे ठिपके दिसले तर खोली कितीही स्वस्त असो, नको.

वीज १२७ व्होल्ट आणि प्लग अमेरिकेसारखा, दोन चपट्या पिनांचा. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त अ‍ॅडाप्टर लागतो. जुन्या इमारतीत तिसऱ्या गोल पिनेला भोक नसतं, म्हणून दोन पिनांचाच अ‍ॅडाप्टर न्या. भारतातली किटली किंवा छोटा कुकर नेऊ नका. १००० वॅटची किटली तिथे जेमतेम ३०० वॅट देते. चहाला आधण यायची वाट बघत बसाल.

डिसेंबर-जानेवारीत रात्री थंडी पडते आणि स्वस्त खोलीत हीटर नसतो. जादा पांघरूण आनंदाने देतात: "उना कोबिहा मास, पोर फावोर." पावसाळ्यात डास असतात, डेंग्यूही असतो. पंखा चालू करून बघा आणि खिडकीला जाळी आहे का ते पाहा.

पैशाचं बोलणं

पाटीवर डॉलरचं चिन्ह दिसलं तरी घाबरू नका. मेक्सिकोत पेसोलाही तेच चिन्ह लावतात.

सांगितलेल्या दरात कर धरलाय का, ते विचाराच: "या कोन इम्पुएस्तोस?" इवा नावाचा कर १६ टक्के आणि त्यावर राज्याचा मुक्काम कर वेगळा. ७०० पेसोची खोली एकट्या इवानेच ८१२ वर जाते. कागदावर एकूण रक्कम लिहून घ्या, किती रात्रींची तेही लिहून घ्या.

मासळीबाजारातली घासाघीस इथे करू नये. तीन-चार रात्री राहणार असाल तर "क्वान्तो पोर त्रेस नोचेस?" असं शांतपणे विचारा. बहुतेक मालक स्वतःहून थोडं कमी करतात. "तिएने आल्गो मास एकोनोमिको?" असं विचारलं तर मागची, टीव्ही नसलेली, थोडी लहान खोली दाखवतात. हा सौदा दोघांनाही परवडतो.

लहान हॉटेलं रोखच मागतात किंवा कार्डावर जादा आकारतात. पैसे बँकेच्या शाखेतल्या एटीएममधून दिवसा काढा. मशीन तुमच्या चलनात हिशेब करून देऊ का असं विचारतं, तेव्हा नाही म्हणा. तिथे लावलेला भाव महाग असतो. ५०० पेसोची नोट बाजारातल्या बाईला मोडता येत नाही, म्हणून हॉटेलचं बिल मोठ्या नोटांनी द्या आणि सुटे जपून ठेवा. एका रात्रीचेच पैसे आधी द्या, बाकीचे रोज. पावती मागा.

मुक्कामात

टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकू नका, शेजारच्या डब्यात टाका. जुने पाइप अरुंद असतात आणि तुंबले तर त्रास साऱ्या मजल्याला होतो. पाण्याचा जेट कुठेच नसतो. त्यासाठी बेनितो हुआरेस मार्केटच्या आसपास प्लास्टिकच्या दुकानातून एक 'हिकारा' आणि लहान 'कुबेता' घ्या, म्हणजे तांब्या आणि बादली. शॉवर बंद पडला की मेक्सिकन माणसंही 'आ हिकारासोस' अंघोळ करतात, म्हणजे आपल्यासारखीच तांब्याने. आईला तिथे सगळ्यात घरच्यासारखं वाटलं ते हे ऐकल्यावर.

नळाचं पाणी पिऊ नका. सोप्यात २० लिटरचा 'गार्राफोन' ठेवलेला असतो, त्यातून बाटली भरून घ्या. बहुतेक ठिकाणी पाहुण्यांना तो फुकट असतो. दात घासायलाही तेच पाणी वापरा.

शाकाहारी असाल तर नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, कारण 'कार्ने' म्हटलं की कोंबडी त्यात धरत नाहीत. पूर्ण वाक्य पाठ करा: "नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी मान्तेका." मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, आणि ती उसळीतही असते. त्लायुदा ही भाकरीसारखी मोठी, खुसखुशीत मक्याची पोळी वाहाकाची शान. तिच्यावर आधी 'आसिएन्तो' नावाचा चरबीचा थर लावतात, म्हणून "सिन आसिएन्तो" सांगा. वर घेवड्याची उसळ, केसियो चीज आणि अवोकाडो. फळांवर लावलेलं तांबडं मीठ अळीचं असू शकतं, विचारून घ्या. २० नोव्हेंबर मार्केटमधली धुराची गल्ली पूर्ण मांसाची आहे. शाकाहाऱ्याने बाजूच्या फोंदांमध्ये, म्हणजे छोट्या खानावळींत, गरम चॉकलेट आणि पान दे येमा हा अंड्याच्या पिवळ्याचा पाव घ्यावा. अंडं चालत नसेल तर नुसतं चॉकलेट. मार्केटच्या कडेला मीना रस्त्यावर गिरणीत कोको, दालचिनी, बदाम आणि साखर दळून मिळते, अगदी आपण मसाला कांडून आणतो तसं. दुपारी फोंदातलं 'कोमिदा कोरिदा' हे ठरावीक जेवण सगळ्यात स्वस्त पडतं.

कपडे किलोवर धुऊन देणारी 'लावान्देरिया' जवळपास असतेच. सकाळी द्या, संध्याकाळी घड्या घालून मिळतात. खोली साफ करणाऱ्या बाईसाठी रोज वीस-एक पेसो उशीवर ठेवा. शेवटच्या दिवशी एकदम ठेवलेत तर कदाचित तिची त्या दिवशी सुट्टी असते.

घरी फोन करायचा तर वाहाका भारताच्या साडेअकरा तास मागे आहे, आणि २०२२ मध्ये मेक्सिकोने बहुतेक भागात घड्याळ मागेपुढे करणं बंद केल्यामुळे हा फरक वर्षभर तोच राहतो. तिथे रात्रीचे आठ वाजले की पुण्यात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात.

रात्रीचे आवाज, आणि एक आवाज वेगळा

लग्न असो, सण असो, गल्लीतून 'कालेन्दा' निघते. पुढे कापडाचा प्रचंड गोळा गरगर फिरवणारा माणूस, मागे ब्रास बँड, फटाके आणि घेरदार स्कर्टमधल्या बायका. दार उघडून बघायला जा, झोपेचं नंतर बघता येईल. पहाटेचे आकाशबाण आणि सकाळची गॅसची गाडी यांच्यासाठी कानात घालायचे बोळे न्या.

भूकंपाच्या इशाऱ्याचा भोंगा मात्र ओळखून ठेवा. वाहाका भूकंपाच्या पट्ट्यात आहे. ७ सप्टेंबर २०१७ च्या रात्रीचा ८.२ तीव्रतेचा भूकंप शेजारच्या च्यापास राज्याच्या किनाऱ्याजवळ झाला. पहिल्याच दिवशी भिंतीवरची 'रुता दे एवाकुआसिओन', म्हणजे बाहेर पडायच्या वाटेची, हिरवी पाटी शोधा आणि त्या बाणाने एकदा चौकापर्यंत चालून या. रात्री चपला, चष्मा आणि पासपोर्ट पलंगाशेजारी एकाच जागी ठेवा. भोंगा वाजला की सामान गोळा करत बसू नका. मदतीचा नंबर ९११ आहे.

निघताना

खोली सोडायची वेळ अकरा किंवा बारा असते. बस रात्रीची असेल तर बॅग ठेवून घेतात, सहसा फुकट: "पुएदो देहार मी एकिपाहे?" हाच उपाय येतानाही करा. मेक्सिको सिटीच्या तापो स्टँडवरून आदेओ या बस कंपनीची रात्रीची बस घेतली तर सहा-सात तासांनी पहाटेच वाहाकात उतरता आणि खोली दुपारशिवाय मिळत नाही. आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवून ठेवलं तर बॅग ठेवून, तोंड धुऊन लगेच शहरात निघता येतं.

वाहाकातल्या टॅक्सीला मीटर नसतो, दर आधी ठरवा. विमानतळावर जाता-येताना सगळ्यांची मिळून जाणारी व्हॅन स्वस्त पडते. येतानाचं तिकीट विमानतळातच काउंटरवर मिळतं.

आणि पहाटेची बस किंवा विमान असेल तर आदल्या रात्रीच खाली सांगून ठेवा. लहान हॉटेलांचं मोठं लाकडी दार रात्री आतून कुलूपबंद असतं आणि किल्ली एकाच माणसाकडे असते. आम्ही निघालो तेव्हा पावणेपाच वाजले होते. सेन्योरा शाल पांघरून खाली आली, तिने आडणा काढला, आईच्या हातात पानात गुंडाळून वाफवलेले, मक्याच्या पिठाचे दोन गरम तामाल ठेवले आणि "सिन मान्तेका," असं दोनदा सांगितलं.